वेल उपटाल, पण ताटाचे काय?

द्राक्षवेली उपटण्यासाठी सरकारने शेतकऱ्याला पैसे मोजावेत, ही गोष्ट विपरीत वाटते. पण फ्रान्समध्ये ती घडली आहे. सुमारे ३० हजार हेक्टरांवरील वेली कायमच्या काढून टाकण्यासाठी हेक्टरी ४ हजार युरो देण्याच्या योजनेस युरोपीय आयोगाने २०२४ च्या ऑक्टोबरात मान्यता दिली. कारण उघड आहे. १९६० च्या सुमारास फ्रेंच माणूस वर्षाकाठी सरासरी शंभर लिटरांहून अधिक वाईन पीत असे. आज तो आकडा निम्म्यावरही उरलेला नाही. सर्वाधिक ओहोटी लागली आहे ती तांबड्या वाईनला. साहजिकच, भूमध्य समुद्रालगतच्या लाँगडॉक प्रांताला तिची झळ तीव्रतेने बसत आहे.

मद्यपान घटले, हे आरोग्याच्या दृष्टीने इष्टच आहे. परंतु लाँगडॉकची तांबडी वाईन हे केवळ नशेचे पेय कधीच नव्हते. ते जेवणाचे अंग होते. कास्तेलनोदारी या गावाचा ‘कासुले’ हा पदार्थ याची साक्ष देईल. पांढरा घेवडा, डुकराचे मांस, सॉसेज आणि स्वतःच्याच चरबीत शिजवून मुरवलेले बदक हे सारे मातीच्या पसरट तोंडाच्या भांड्यात मंद आचेवर तासन् तास शिजते. ‘कासोल’ या भांड्यावरूनच पदार्थाला नाव मिळाले. असे जड अन्न नुसत्या पाण्याबरोबर घशाखाली उतरणे कठीण. शेजारच्या कोर्बिएर टेकड्यांवरील वाईन येथे कामी येते. तिच्यातील कारिन्यां जातीच्या द्राक्षांचा आंबटपणा आणि तुरटपणा जिभेवरील चरबीचा थर धुऊन काढतो. उलट मांसातील प्रथिने व चरबी तो तुरटपणा बोथट करतात. ग्रनाश आणि सिरा या जाती तिला मार्दव व गडद रंग देतात. थाइम, रोझमेरी घालून भाजलेल्या मेंढीच्या मांसाशीही तिचे असेच सख्य आहे. मात्र किनाऱ्यावरच्या कालवांबरोबर ती शोभत नाही. तेथे पिकपूल ही पांढरी वाईनच हवी. कशाबरोबर काय घ्यावे, हा विवेक कोणा पंडिताने शिकवलेला नाही. शेत आणि चूल शेजारी असल्याने तो आपोआप घडला.

हे नाते एकदा तुटले, तेव्हा काय झाले, हे लाँगडॉकने अनुभवले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुळे पोखरणाऱ्या फायलोक्सेरा किडीने मळे उद्ध्वस्त केले. पुढे पुनर्लागवड झाली ती सपाट मैदानात, भरघोस उत्पन्न देणाऱ्या जातींची. उद्दिष्ट एकच, दूरच्या औद्योगिक शहरांना स्वस्त वाईन पुरवणे. साखर-पाण्याच्या भेसळीची भर पडून भाव कोसळले. १९०७ साली मार्सलँ आल्बेर या शेतकऱ्याच्या नेतृत्वाखाली लाखोंचे मोर्चे निघाले, क्लेमान्सो सरकारने सैन्य पाठवले, नार्बोनमध्ये गोळीबारात माणसे मेली आणि स्थानिक तरुणांच्या एका पलटणीने बंड केले. त्याच वर्षी भेसळीविरुद्ध कायदा झाला. परंतु अतिउत्पादनाचा रोग पूर्ण बरा झाला नाही. कोर्बिएरला तिच्या स्थानमाहात्म्याची अधिकृत मान्यता मिळण्यास १९८५ साल उजाडावे लागले.

तेव्हा वेली उपटूच नयेत, असे कोणी म्हणणार नाही. ज्या मैदानी मळ्यांची वाईन विकतच नाही, ते राखण्यात शहाणपण नाही. परंतु हेक्टर मोजून पैसे वाटणाऱ्या योजनेला मैदान आणि टेकडी यांतला भेद कळत नाही. टेकडीवरच्या मळ्याची कामगिरी ताटापुरतीही नसते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कोर्बिएरमध्ये भडकलेल्या वणव्याने सुमारे १६ हजार हेक्टर क्षेत्र होरपळले. राखलेला मळा वणव्याची वाट अडवतो. उजाड सोडलेल्या जमिनीवर माजणारे झुडूप त्याला सरपण पुरवते. वेल उपटण्याचा मोबदला हिशेबात दिसतो, हे नुकसान मात्र दिसत नाही.

सरकारने उपटण्यासाठी जितक्या तत्परतेने तिजोरी उघडली, तितक्याच तत्परतेने टेकडीवरच्या शेतकऱ्याला तगवावे. शाळांच्या व खानावळींच्या स्वयंपाकघरांत प्रांताचा घेवडा आणि मेंढीचे मांस पोहोचवावे. पाककृती टिकली, तर वाईन कमी प्रमाणात का होईना, मानाने टिकेल. लोक कमी पितात, ही आपत्ती नव्हे. आपण काय खातो आणि ते कोठून येते, याचा विसर पडणे ही खरी आपत्ती होय.