निगेटिव्ह अहवालाआडचा विषाणू

नागपुरातील रामदासपेठ आणि लगतची धंतोली ही विदर्भाच्या खासगी वैद्यकसेवेची केंद्रे. दूरवरच्या जिल्ह्यांतून आलेले रुग्ण येथील प्रयोगशाळांचे अहवाल घेऊन परततात. एचआयव्हीसह जगणाऱ्या महिलेच्या अहवालावर 'हिपॅटायटिस बी निगेटिव्ह' असा शेरा असला, की एक काळजी मिटल्याचे मानले जाते. हा दिलासा प्रत्येक वेळी खरा असतोच असे नाही.

नेहमीच्या चाचणीत विषाणूच्या बाह्य आवरणातील प्रथिन, म्हणजे एचबीएसएजी, शोधले जाते. काहींच्या रक्तात ते आढळत नाही. मात्र यकृताच्या पेशींत विषाणूचा डीएनए टिकून असतो. हाच सुप्त संसर्ग. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी हे दोन्ही विषाणू रक्त, लैंगिक संबंध आणि मातेकडून बालकाकडे अशा समान मार्गांनी पसरतात. त्यामुळे एचआयव्हीबाधितांत ही शक्यता विशेष गांभीर्याने घ्यावी लागते.

सरकारी केंद्रांत २००४ पासून एचआयव्हीवरील औषधे मोफत मिळू लागली. प्रारंभीच्या उपचारात हिपॅटायटिस बीवर चालणारे लॅमिव्हुडिन हे एकटेच औषध होते आणि त्याला हा विषाणू कालांतराने दाद देईनासा होतो. आजच्या गोळीत त्याच्या जोडीला टेनोफोविर असल्याने दोन्ही विषाणूंना आवर बसतो. खरा धोका आहे तो औषध बदलताना. मूत्रपिंड वा हाडांच्या तक्रारीमुळे टेनोफोविर थांबवले, अथवा ते नसलेले दोन औषधांचे किंवा इंजेक्शनचे उपचार सुरू केले, तर दबलेला विषाणू उचल खाऊ शकतो. त्यातून यकृताला गंभीर इजा संभवते.

त्यावर उपाय आहे. 'अँटी-एचबीसी' ही रक्तचाचणी पूर्वी होऊन गेलेल्या संसर्गाचा माग देते. ती पॉझिटिव्ह आल्यास डीएनए चाचणीने खातरजमा करता येते. 'अँटी-एचबीसी'ही निगेटिव्ह आली तरी क्वचित संसर्ग दडलेला असू शकतो, म्हणून यकृताच्या नियमित तपासण्या चुकवू नयेत. ज्यांना संसर्ग झालेला नाही, त्यांच्यासाठी लस उपलब्ध आहे. नवजात बालकाला तिची पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांत मिळाली पाहिजे.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. या कार्यक्रमाची आणि एचआयव्ही केंद्रांची सांगड तपासणीच्या टेबलावर बसणे अगत्याचे आहे. घरच्या औषधपाण्यात स्वतःचा क्रमांक शेवटी लावणाऱ्या स्त्रीवर महागड्या चाचणीचा निर्णय सोपवून चालणार नाही. औषध बदलण्यापूर्वी ही विचारणा डॉक्टरांनीच केली पाहिजे.