नाम-गोत्र सांगणारीं यंत्रें

गेल्या अंकांत आम्ही घरांतील दिवे व पंखे तारेवांचून चालविण्याविषयीं लिहिलें होतें. त्यावर वाचकांकडून एकच प्रश्न पुनःपुन्हां आला: नवें यंत्र घरीं आणल्यावर त्याची ओळख मुख्य यंत्रास आपोआप कशी पटावी? उत्तर आम्हांस तेव्हांच देतां आलें असतें, पण तें अर्धवट झालें असतें. मध्यंतरीं याच विषयानें आमच्या घरीं एक वाईट रात्र दाखविली. ती हकीकत ओघानें येईलच.

एमक्यूटीटी ही यंत्रांनीं परस्परांस निरोप देण्याची एक रीत आहे. १९९९ सालीं अँडी स्टॅनफोर्ड-क्लार्क व आर्लेन निपर या दोघांनीं ती तेलाच्या नळांवर उपग्रहाच्या द्वारें देखरेख ठेवण्यासाठीं रचली. उपग्रहाचा मार्ग खर्चाचा, म्हणून निरोप आंखूड असावा ही दृष्टि तिच्यांत मुळापासूनची आहे. या रीतींत कोणतेंही यंत्र दुसऱ्याशीं थेट बोलत नाहीं. मध्यें ब्रोकर म्हणून एक मध्यस्थ असतो. आमच्याकडील मध्यस्थाचें नांव मॉस्किटो. (तें ऐकून वहिनींनीं प्रथम धुरी करण्याची भाषा केली होती!) ज्यास सांगावयाचें तो विषयाचें नांव घालून निरोप मध्यस्थाकडे टाकतो, ज्यास ऐकावयाचें त्यानें त्या विषयाची मागणी आधीं नोंदवून ठेवावयाची.

पूर्वीं प्रत्येक यंत्राची माहिती होम असिस्टंटच्या फायलींत हातानें लिहावी लागे. ओळीच्या आरंभीं एक जागा कमी सुटली कीं सगळें अडे. आतां तें काम यंत्रच करतें. मुंज झालेला बटु वडील माणसांस अभिवादन करतांना आपलें गोत्र, प्रवर, शाखा व नांव सांगतो, अगदीं तसेंच. मध्यस्थाशीं जोडलें जातांच यंत्र एका ठराविक पत्त्यावर आपला परिचय पाठवितें. पत्त्याचा पहिला भाग ‘होमअसिस्टंट’, दुसरा यंत्राचा प्रकार, म्हणजे दिवा, कळ किंवा मापक. पुढें त्या यंत्राची स्वतःची खूण, आणि शेवटीं ‘कॉन्फिग’. संगणकांत हें सर्व लहान रोमन अक्षरांत, मध्यें तिरकी रेघ देऊन लिहावयाचें. परिचयांत नांव, आपली स्थिति कोणत्या विषयाखालीं कळवूं, आज्ञा कोणत्या विषयाखालीं घेऊं, आणि सर्वांहून निराळा असा एक ओळखक्रमांक. हा क्रमांक दोघांचा एक झाला तर दुसऱ्यास घरांत जागा नाहीं. आमच्या पुतण्यानें गच्चीवरील दोन टाक्यांस एकच मजकूर उतरून दिला होता. दुसरी टाकी दोन दिवस कोणास दिसेचना.

आतां ती रात्र. आमचे दादा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. मांडीचें हाड मोडल्यापासून ते माजघराशेजारच्या खोलींत असतात व आम्ही माडीवर निजतों. पुतण्यानें बंगळूरास नोकरीवर जाण्यापूर्वीं त्यांच्या उशाशीं एक कळ बसवून दिली. ती दाबली कीं माडीवर घंटा वाजावी. तीन महिने ती चोख वाजली. आषाढांतल्या एका रात्रीं वीज गेली व तासाभरानें आली. पहांटे साडेतीनच्या सुमारास दादांनीं कळ दाबली, पुन्हां दाबली. घंटा वाजली नाहीं. अखेर ते स्वतःच उठूं गेले. सकाळीं वहिनींस ते खाटेशीं जमिनीवर बसलेले दिसले. सुदैवानें इजा झाली नव्हती. आम्हांस पाहून ते इतकेंच म्हणाले, “तुला झोप लागली असेल रे.” त्या वाक्यानंतर आम्ही दोन दिवस दुसरें कांहीं केलें नाहीं.

कारण सांपडलें तें असें. वीज परत येतांच मध्यस्थ आधीं उठला. कळीनें त्यास गांठून आपलें नाम-गोत्र सांगितलें. परंतु ऐकणारें होम असिस्टंट तोंवर जागें झालें नव्हतें! मध्यस्थ असे निरोप जवळ ठेवीत नाहीं. त्या क्षणीं ऐकणारा नसेल तर निरोप गेलाच. पुढें होम असिस्टंट उठलें तेव्हां कळ त्याच्या लेखीं अनुपलब्ध होती. निरोपावर ‘रिटेन’ अशी खूण असेल तरच मध्यस्थ तो राखून ठेवतो व मागाहून येणाऱ्यासही देतो. पुतण्यानें ती खूण केली नव्हती.

आम्ही उत्साहाच्या भरांत सर्वच निरोपांवर ती खूण केली. हें अधिक मोठें अज्ञान. पुढच्या रविवारीं परीक्षा म्हणून मुख्य यंत्र बंद करून चालू केलें, तों घंटा आपोआप खणाणली व सगळें घर दादांच्या खोलीकडे धांवलें. दादा स्वस्थ झोपले होते. कळ दाबल्याचा आदल्या रात्रींचा निरोप मध्यस्थानें इमानानें राखून पुन्हां दिला होता. तेव्हां परिचय राखावा, हांक राखूं नये.

आणखी तीन गोष्टी मग केल्या. होम असिस्टंट जागें झालें कीं ‘स्टेटस’ या विषयाखालीं आपण ‘ऑनलाइन’ असल्याचें कळवितें. तें ऐकून कळीनें आपला परिचय पुन्हां सांगावा अशी व्यवस्था केली. मध्यस्थाची साठवण चालू केली, नाहीं तर तोच बंद पडला म्हणजे राखलेले निरोपही जातात. तिसरी गोष्ट आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्याकडे बहुतेकांचें दुर्लक्ष असतें. जोडलें जातांनाच यंत्र मध्यस्थापाशीं एक प्रकारचें मृत्युपत्र ठेवूं शकतें: ‘माझा ठाव लागला नाहीं तर मी नाहीं असें सर्वांस कळवा.’ ठरल्या मुदतीच्या दीडपट वेळ यंत्राकडून शब्द आला नाहीं कीं मध्यस्थ तें प्रसिद्ध करतो. आमची मुदत एक मिनिटाची आहे. कळ मेली तर दीड मिनिटानें माडीवर तांबडा दिवा लागतो. आजाऱ्याच्या उशाशीं असें यंत्र ठेवणाऱ्यानें एवढें केल्यावांचून त्यावर विसंबूं नये.

काढून टाकलेलें यंत्र यादींत भुतासारखें दिसत राहिलें तर त्याच्या परिचयाच्या पत्त्यावर राखून ठेवण्याची खूण केलेला रिकामा निरोप पाठवावा. तें निघून जातें. मध्यस्थास परवलीचा शब्द द्यावा हें सांगणें न लगे, तरी सांगतों, कारण आमच्या ओळखीच्या दोन घरीं तो नव्हता.

दर रविवारीं आम्ही वीज बंद करून पुन्हां चालू करतों व दादा आपण होऊन कळ दाबून पाहतात. अलीकडे ते चहासाठींही दाबूं लागले आहेत. वहिनींचें त्याविषयींचें मत निराळें आहे. टाक्यांच्या पाण्याचें मोजमाप पुढील अंकीं.