बिघाड शोधण्यालाही गुण हवेत

घरच्या घरी मोटारगाडी बनविण्याचा ध्यास महाराष्ट्राला नवा नाही. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ साली आपल्या छोट्या मोटारीचा पहिला नमुना तयार केला आणि पुढे कित्येक वर्षे 'मीरा' या नावाने तिच्या सुधारित आवृत्त्या काढल्या. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील भाग जमवून छोटी जीप बनविली. दुचाकीसारखी किक मारली की ती सुरू होई. २०२१ च्या डिसेंबरात तिची चित्रफीत देशभर पाहिली गेली, आणि पुढच्याच महिन्यात महिंद्र कंपनीने ती जीप घेऊन त्यांना नवी बोलेरो दिली.

अशा गाडीचे कौतुक होते ते ती बनविल्याबद्दल, आणि ते योग्यच आहे. पण गाडी तयार झाल्यावर आठ दिवसांनी तिचा दिवा लागेनासा होतो, तेव्हा काय करायचे? कारखान्यातून आलेल्या गाडीची माहितीपुस्तिका असते. तशाच शंभर गाड्या दुरुस्त केलेला मिस्त्री असतो. घरी बनविलेली गाडी मात्र जगात एकच असते. तिचे पुस्तक नाही की तिचा जाणकार नाही. तेथे उपयोगी पडते ती केवळ विचार करण्याची शिस्त. आणि नेमकी तीच आपण शाळेत शिकवीत नाही, असे माझे मत आहे.

विद्यार्थिमित्रहो, एक उदाहरण घेऊ. आपल्या नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी 'बाहा' नावाच्या स्पर्धेसाठी स्वतः गाड्या बांधतात. ही स्पर्धा १९७६ साली अमेरिकेत सुरू झाली आणि २००७ साली भारतात आली. या गाडीला ब्रेकचा दिवा आणि इंजिन तत्काळ बंद करणारे खटके असावेच लागतात. या गाड्यांत वर्षानुवर्षे वापरले गेलेले १० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन ठिणगीसाठी बॅटरीवर अवलंबून नसते. ठिणगी मॅग्नेटो देतो. खटका दाबला की मॅग्नेटोची वायर इंजिनच्या धातूला जोडली जाते आणि ठिणगी थांबते.

आता विचार करा. ब्रेकच्या दिव्याची वायर तुटली, तर दिवा लागणार नाही. पण खटक्याची वायर तुटली, तर इंजिन बंदच होणार नाही! आणि हीच वायर घासून तिचे तांबे चौकटीला टेकले, तर इंजिन सुरूच होणार नाही. एकाच गाडीत, एकाच प्रकारच्या बिघाडाचे दोन ठिकाणी अगदी उलट परिणाम! 'चालत नाही म्हणजे वायर तुटली' असे पाठ करणाऱ्याची येथे फसगत होते. मंडल कसे जोडले आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याची होत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या पाठ्यपुस्तकातील ओहमच्या नियमाचे. गाडीचा पुढचा दिवा ६० वॉटचा आणि बॅटरी १२ व्होल्टची असेल, तर प्रवाह ५ अँपिअर आणि तापलेल्या तंतूचा रोध २.४ ओहम येतो. गाडीत परतीची वेगळी वायर बहुधा नसते. लोखंडी चौकटच ते काम करते. हौशी मंडळी चौकटीला सुंदर रंग देतात आणि त्या रंगावरच अर्थचा बोल्ट आवळतात. रंग विद्युत्‌रोधक, त्यात पावसाळ्यात गंज चढतो. समजा, या सांध्याचा रोध ०.६ ओहम झाला. एकूण रोध ३ ओहम, प्रवाह ४ अँपिअर. सांध्यावर २.४ व्होल्ट खर्च होतात आणि दिव्याला ९.६ व्होल्टच उरतात. तंतू थोडा निवल्याने त्याचा रोध किंचित घटतो, ते बारीक गणित सोडून देऊ. पण तंतूचा प्रकाश व्होल्टच्या मानाने फार झपाट्याने उतरतो. दिवा निम्म्याहूनही मंद होतो. शिवाय सांधा सुमारे १० वॉट उष्णता सोडीत तापत राहतो.

येथे पुष्कळजण काय करतात? बल्ब बदलतात. मग बॅटरी बदलतात. मग होल्डर बदलतात. पैसे संपतात, दिवा मिणमिणताच राहतो. वास्तविक दिवा चालू ठेवून मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी दिव्याच्या अर्थच्या टोकाला लावली असती, तर काटा जवळजवळ शून्यावर राहायला हवा होता. तो २.४ व्होल्ट दाखवतो, म्हणजे चोर परतीच्या वाटेवरच आहे! एका मोजणीत निकाल लागतो. अर्थचा सांधा पूर्णच सुटला तर याहून मोठी गंमत होते. इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवा मंद उघडझाप करू लागतो, कारण प्रवाह दुसऱ्या बल्बच्या तंतूतून परतीची वाट शोधतो. अनभिज्ञाला ही भुताटकी वाटते. विचार करणाऱ्याला तो पत्ताच मिळालेला असतो.

शोधण्याचीही रीत असते. बॅटरीपासून दिव्यापर्यंत १६ सांधे असतील, तर एकेक तपासत जाऊ नये. मधोमध तपासा. तेथपर्यंत व्होल्ट येत असतील तर बिघाड पुढच्या आठांत, नाही तर मागच्या आठांत. असे निम्मे निम्मे करीत गेले की चार तपासण्यांत दोषी सांधा हाती लागतो.

या शिस्तीचा अभाव केवळ खर्चिक नाही, घातकही आहे. १० अँपिअरचा फ्यूज वारंवार उडतो, म्हणून कोणी तेथे ३० अँपिअरचा बसवतो, तर कोणी जाड तारच गुंडाळतो. फ्यूज उडणे हा बिघाड नव्हे. ती बिघाडाची सूचना आहे. १२ व्होल्टचा झटका सहसा जाणवत नाही, पण गाडीची बॅटरी शॉर्ट झाल्यास शेकडो अँपिअर देऊ शकते. वायरचे वेष्टन पेट घ्यायला काही क्षण पुरतात, आणि शेजारीच पेट्रोलची नळी असते. म्हणूनच काम करताना बॅटरीचे ऋण टोक आधी सोडावे. धन टोक आधी सोडू लागलो आणि पाना चौकटीला टेकला, तर तेथेच शॉर्ट होतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की गॅरेजमधील मिस्त्री हे सर्व अनुभवाने क्षणात ओळखतो. ओहमचा नियम कशाला? मिस्त्रीच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे. पण तो टेस्ट लॅम्प कोठे प्रथम लावतो ते नीट पाहा. तोही अंदाज बांधून मगच तपासतो. त्याने ते वर्षानुवर्षांच्या कामातून मिळवले. शाळेने त्याची वाट थोडी सोपी करावी, एवढेच माझे म्हणणे आहे. दुसरा आक्षेप शिक्षकांचा : वेळ कोठे आहे आणि साहित्य कोठे आहे? यासाठी गाडी लागत नाही. एक लाकडी फळी, तीन कोरडे घट, दोन बल्ब, एक खटका आणि एक साधा मल्टिमीटर पुरे. शिक्षकांनी आधी त्यात एक खोड करून ठेवावी : एखाद्या स्क्रूखाली कागदाचा तुकडा, वेष्टनाच्या आत तुटलेली वायर, गंजलेला खिळा. विद्यार्थ्याने वहीत चार रकाने आखावेत : लक्षण, अंदाज, मोजणी आणि निष्कर्ष. खोड सापडली नाही तरी अंदाज आणि मोजणी सुसंगत असतील, तर त्यांचे गुण द्यावेत.

आपल्या विज्ञान प्रदर्शनांत चालणाऱ्या प्रतिकृतीला बक्षीस मिळते. बंद पडलेली टेबलाखाली लपविली जाते. मला वाटते, प्रत्येक प्रदर्शनात एक टेबल मुद्दाम बंद पाडलेल्या उपकरणांचे असावे आणि त्यापुढे मुलांनी रांग लावावी. आज जी मुले १२ व्होल्टवर अंदाज तपासायला शिकतील, त्यांच्याच हाती उद्या शेकडो व्होल्टच्या विजेवर चालणाऱ्या गाड्या येणार आहेत. तेथे 'हे बदलून पाहू, ते बदलून पाहू' असे म्हणायला सवड नसते.