कोर्स एका वर्षाचा, तयारी किती वर्षांची?

गेल्या महिन्यात मावशीचा फोन आला तेव्हा माझी कॅब सिल्क बोर्डच्या सिग्नलला अडकली होती. म्हणजे बोलायला भरपूर वेळ होता! तब्येतपाणी विचारून झालं आणि मावशी मुद्द्यावर आली.

"चिंगीला एका वर्षाचा मॅनेजमेंटचा कोर्स करायचाय म्हणे. लंडनला. तू बंगळुरात राहतेस, तुला माहीत असेल. वडगावचा प्लॉट तारण ठेवायचा की नाही, ते सांग बघू."

चिंगी माझी मावसबहीण. बेळगावात मानसशास्त्र घेऊन बीए करते, यंदा तिसरं वर्ष. काकांचं खडेबाजारात स्टेशनरीचं दुकान आहे आणि वडगावचा तो प्लॉट ही त्यांची वीस वर्षांची बचत. असल्या प्रश्नाला सिग्नल सुटेपर्यंत उत्तर कसं देणार? मी म्हटलं, "तिला दोन दिवस माझ्याकडे पाठव."

खरं सांगायचं तर या प्रश्नाशी माझंही जुनं नातं आहे. इंग्रजीत बीए झाल्यावर मीही अशाच कोर्सचा अर्ज भरायला घेतला होता. फीचा आकडा बघून लॅपटॉप मिटला. तो अर्धवट अर्ज अजून ड्राफ्टमध्ये पडून आहे.

हा कोर्स आहे तरी काय?

राणी चन्नम्मा एक्सप्रेसने चिंगी शनिवारी सकाळी आली. चहा झाल्यावर आम्ही वही घेऊन बसलो.

आपल्याकडे मॅनेजमेंट म्हटलं की एमबीए आठवतं. ही पदवी १९०८ साली अमेरिकेत हार्वर्डमध्ये सुरू झाली. तिकडे एमबीएला जाणारे लोक बहुधा काही वर्षं नोकरी करून आलेले असतात. मग ज्याने कालच बीए किंवा बीएस्सी संपवलं, त्याने काय करायचं? त्याच्यासाठी युरोपात 'मास्टर इन मॅनेजमेंट' हा वेगळा रस्ता रुळला. ब्रिटनमध्ये अनेक ठिकाणी त्यालाच 'एमएस्सी मॅनेजमेंट' म्हणतात आणि तो बहुतेक ठिकाणी एका वर्षात संपतो. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजचा असा कोर्स मॅनेजमेंट न शिकलेल्या नव्या पदवीधरांसाठीच आहे. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाचा तर दहाच महिन्यांचा आहे.

शिकवतात काय? हिशेब, वित्त, मार्केटिंग, आकडेशास्त्र, माणसं सांभाळणं. बीकॉम किंवा बीबीएवाल्यांनी तीन वर्षांत चावून चावून खाल्लेलं जेवण इथे बारा महिन्यांत वाढतात. इतिहास, मानसशास्त्र किंवा इंग्रजी शिकलेल्या मुलांना कंपनीची भाषा शिकवणं, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच आहे.

भारतात 'एक वर्ष' म्हणजे वेगळंच

चिंगी म्हणाली, "मग इथेच करते की! तुझ्या बंगळुरात आयआयएम आहे."

आहे. बन्नेरघट्टा रोडवर. संस्था १९७३ पासूनची. पण तिथला एका वर्षाचा कोर्स काही वर्षं नोकरी केलेल्यांसाठी आहे. अहमदाबादच्या आयआयएमचा एक वर्षाचा कोर्सही तसाच. २००१ साली हैदराबादेत सुरू झालेल्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचा एक वर्षाचा मुख्य कोर्सही अनुभवी लोकांनाच घेतो. म्हणजे परदेशात एका वर्षाचा कोर्स नवख्यांसाठी आणि आपल्याकडे तो अनुभवींसाठी! नाव साधारण सारखं, दार मात्र उलट्या बाजूला. या गोंधळात कितीतरी पालक अडकतात.

नुकत्याच बीए झालेल्या मुलीसाठी आपल्याकडचा सरळ रस्ता दोन वर्षांचा आहे. कॅट द्यायची आणि आयआयएमला प्रयत्न करायचा. महाराष्ट्रात सीईटी देऊन मुंबईच्या जमनालाल बजाजसारख्या जुन्या संस्थेतही जाता येतं. कॅटला गणिताचा बाऊ वाटतो खरा, पण त्यात इंग्रजी वाचनाचा एक पूर्ण विभाग असतो. शिवाय काही आयआयएम निवडीच्या वेळी मुलींना आणि इंजिनीअर नसलेल्यांना थोडे जादा गुणही देतात. आम्हा बीएवाल्यांना हे कुणी सांगतच नाही.

फोनवर 'घरबसल्या एका वर्षात एमबीए'च्या जाहिराती येतात, त्यांच्याबद्दलही चिंगीने विचारलं. तिथे एकच प्रश्न विचारायचा: पदवी कोण देणार? १९५६ च्या यूजीसी कायद्यानुसार पदवी विद्यापीठ देऊ शकतं किंवा कायद्याने तसा अधिकार मिळालेली संस्था. बाकीचे देतात ते सर्टिफिकेट. सर्टिफिकेट वाईट नसतं, पण ते पदवीच्या भावाने विकत घेऊ नये.

वाचलेलं वर्ष जातं कुठे?

संध्याकाळी माझी रूममेट घरी आली. ती ब्रिटनमधून असाच एका वर्षाचा कोर्स करून आलेली आणि आता इथे नोकरी करते. चिंगीने तिला गाठलंच.

"अभ्यास छान होता," ती म्हणाली. "पण सप्टेंबरात पोचले आणि तिसऱ्या आठवड्यात नोकऱ्यांचे अर्ज भरायला बसले. तिकडच्या मोठ्या कंपन्या पुढच्या वर्षीची भरती तेव्हाच सुरू करतात. मला अजून बॅलन्स शीट वाचता येत नव्हती आणि अर्जात विचारलेलं, तुम्हाला फायनान्सच का आवडतं!"

आम्ही हसलो, पण दिवसभरातली सगळ्यात कामाची गोष्ट तीच होती.

दोन वर्षांच्या कोर्समध्ये मधला उन्हाळा मिळतो. पहिलं वर्ष संपलं की मुलं साधारण दोन महिने कंपनीत इंटर्नशिप करतात. मार्केटिंग आवडेल असं वाटत होतं, प्रत्यक्षात नाही आवडलं, तर दुसऱ्या वर्षी विषय बदलता येतात. काम चांगलं झालं तर तीच कंपनी पुढे नोकरीला बोलावते. एका वर्षाच्या कोर्समध्ये हा उन्हाळा बहुतेक वेळा नसतोच. चूक करून बघायला आणि सुधारायला जागा नाही.

म्हणजे वर्ष वाचतं हे खरं, पण त्या वर्षात जे कळलं असतं ते आधीच माहीत असावं लागतं. मला काय करायचंय, कोणत्या प्रकारची कंपनी, कोणतं काम, हे ठरवून जाणाऱ्याला एक वर्ष पुरतं. तिथे जाऊन ठरवू म्हणणाऱ्याला ते फार लवकर संपतं.

प्लॉटचा हिशेब

रविवारी सकाळी काकांना व्हिडिओ कॉल लावला. काकांचा पहिला प्रश्न व्यापाऱ्याचा: "एका वर्षाची पदवी आपल्याकडं चालती काय?"

ब्रिटनच्या बाबतीत चालते. पूर्वी यावरून अडचण व्हायची. जुलै २०२२ मध्ये भारत आणि ब्रिटनमध्ये करार झाला आणि तिथल्या एका वर्षाच्या मास्टर्सला आपल्या मास्टर्सच्या बरोबरीची मान्यता मिळाली. इतर देशांचं मात्र ज्याचं त्याचं तपासून घ्यायचं.

मग हिशेब मांडला. समजा, कर्ज ३० लाखांचं, व्याज १० टक्के. शिकत असतानाच महिन्याला २५ हजार रुपये व्याज चढतं. हप्ता साधारणपणे कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतो. तोपर्यंत घरच्यांनी व्याज भरत ठेवलं, तर दहा वर्षं दरमहा जवळपास ३९,६०० रुपये हप्ता. व्याज भरलं नाही तर दोन वर्षांत ६ लाख वाढतात आणि हप्ता जातो साडेसत्तेचाळीस हजारांच्या पुढे.

काका गप्प झाले. चिंगीही.

पौंडात पगार मिळाला तर हा हप्ता जमतो. पण तिकडे राहायला किती दिवस मिळणार? पदवीनंतर ब्रिटनमध्ये नोकरी शोधायला दोन वर्षांचा व्हिसा मिळायचा. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना मास्टर्सनंतर तो १८ महिन्यांचाच मिळणार आहे. परत येऊन बंगळुरात पहिली नोकरी धरली तर? माझा पगार मला माहीत आहे. त्यातून पीजीचं भाडं आणि असा हप्ता दोन्ही निघणार नाहीत.

कर्ज घेऊच नये असं मी म्हणत नाही. पण पगार रुपयात मिळेल असं धरून हिशेब करा. पौंडात मिळाला तर आनंदच आहे.

स्कॉलरशिपही बघा. ब्रिटन सरकारची चेव्हनिंग स्कॉलरशिप एका वर्षाच्या मास्टर्सचा खर्च उचलते, मात्र साधारण दोन वर्षांच्या कामाचा अनुभव मागते आणि शिकून मायदेशी परतायला सांगते. महाराष्ट्रातल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. भारतातच शिकणार असाल तर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना बघा. निवडक चांगल्या संस्थांसाठी तिच्यात तारण किंवा जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं.

चौथ्या वर्षाची भानगड

चिंगीच्या बॅचची आणखी एक गंमत आहे. तिने २०२३ मध्ये प्रवेश घेतला, तेव्हा कर्नाटकात नव्या शैक्षणिक धोरणाची चार वर्षांची पदवी होती. पुढे प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने अंतरिम अहवाल दिला आणि २०२४-२५ पासून राज्य पुन्हा तीन वर्षांच्या पदवीवर आलं. तिच्यासारख्या आधी प्रवेश घेतलेल्यांना मात्र जुनाच अभ्यासक्रम राहिला.

यात एक संधी आहे. चार वर्षांची ऑनर्स पदवी असेल तर मास्टर्स एका वर्षात करता येईल, अशी सोय यूजीसीच्या २०२४ च्या आराखड्यात आहे. अमेरिकेतली काही विद्यापीठंही चार वर्षांची पदवी मागतात. ब्रिटनला तीन वर्षांची बहुतेक ठिकाणी चालते. महाराष्ट्रातल्या कॉलेजांतही आता चार वर्षांची पदवी आली आहे, तेव्हा चौथं वर्ष सोडण्याआधी आपल्या मुलांना कुठे जायचंय ते बघा. चिंगीच्या कॉलेजात चौथं वर्ष भरणार की नाही, याचं उत्तर मात्र ऑफिसातून अजून मिळालेलं नाही.

मावशीचं खरं कारण

कॉल संपत आला तेव्हा मी मावशीला विचारलं, "आधी एक वर्ष नोकरी करू दे ना तिला. हे कोर्स थोडासा अनुभव चालवून घेतात. दार काही बंद होत नाही."

मावशी जरा थांबली. मग म्हणाली, "अगं, एका वर्षाचं म्हणून तर मी हो म्हटलं. दोन वर्षं शिकायचं, मग नोकरी, मग स्थिर व्हायचं. मुलीचं बघायचं कधी?"

तेव्हा मला समजलं की प्रश्न कोर्सचा नव्हताच. चिंगीला घाई होती ती याचीच. घरी राहिली तर स्थळं येतील, म्हणून ती एका वर्षाच्या कोर्समागे लपत होती. आणि लवकर संपेल म्हणून मावशी त्याला तयार होती. दोघींनी एकच कोर्स निवडला, तोही एकमेकींना टाळण्यासाठी! आणि त्यासाठी प्लॉट तारण जाणार होता.

चिंगीने पहिल्यांदाच स्पष्ट सांगितलं, "आई, एक वर्ष स्थळाचं नाव काढू नकोस. मी नोकरी करते, हिशेब शिकते. वर्षभराने मला नक्की काय करायचंय ते सांगते. तेव्हा कर्ज काढायचं की नाही ते ठरवू."

मावशी काही बोलली नाही. काका म्हणाले, "उद्यापासून दुकानात ये. जीएसटीचं मी सांगतो."

अर्ज भरण्याआधी घरात विचारायचे पाच प्रश्न

१. हा कोर्स नवख्यांसाठी आहे की अनुभवींसाठी?
२. पदवी कोण देणार आणि ती भारतात मान्य आहे का?
३. नोकरीचे अर्ज कोणत्या महिन्यात सुरू होतात आणि तेव्हा मला काय काय येत असेल?
४. रुपयातल्या पगारात हप्ता बसतो का?
५. घाई नक्की कशाची आहे?

पाचवा प्रश्न सगळ्यात आधी विचारला तरी चालेल.

काल चिंगीचा फोटो आला. गल्ल्यामागे बसली आहे, समोर काकांची खतावणी. खाली मेसेज होता, "घेणारा नावे, देणारा जमा. ताई, हे मला लंडनमध्ये पहिल्या आठवड्यात कळलं नसतं बघ."

मी माझा ड्राफ्टमधला अर्ज उघडला. अजून पाठवला नाही. पण 'हा कोर्स का करायचा आहे' या रकान्यात तेव्हा जे लिहिलं होतं, ते वाचून पुसून टाकलं. या वेळी खरं कारण सापडलं की मगच लिहीन.