टिपऱ्यांची अनुदिनी आणि आपले आबाजी



या सदरात आपण बहुधा शिष्यवृत्तीचे अर्ज, जात पडताळणीचे कागद, नाहीतर घरकुलाच्या यादीत कोणाचे नाव आले आणि कोणाचे राहिले, यावरच बोलतो. आज एका टीव्ही मालिकेवर लिहितो आहे. विषय हलका वाटेल, पण या मालिकेचे नाव काढले की चाळिशी-पन्नाशीच्या माणसांचे चेहरे खुलतात, हे मी अनेक घरी पाहिले आहे. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' हे ते नाव.

आजच्या पोरापोरींसाठी थोडे सांगतो. २००१ साली तेव्हाच्या अल्फा मराठी, म्हणजे आजच्या झी मराठी वाहिनीवर ही मालिका सुरू झाली आणि तीन-चार वर्षे आठवड्यातून एकदा येत राहिली. दिलीप प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' या पुस्तकावर ती बेतली होती. दिग्दर्शक होते केदार शिंदे, आपल्या शाहीर साबळ्यांचे नातू. घरात माणसे पाच. आबा म्हणजे स्वतः प्रभावळकर, मुलगा शेखर (राजन भिसे), सून श्यामल (शुभांगी गोखले), नातू शिऱ्या (विकास कदम) आणि नात शलाका (रेशमा नाईक). खून नाही, मारामारी नाही, सासू-सुनेचे कारस्थान नाही. चारचौघांच्या घरात जे रोज घडते तेच घडायचे आणि रात्री आबा रोजनिशी लिहायला बसायचे. प्रभावळकरांचा जन्म १९४४ चा, म्हणजे तेव्हा त्यांनी साठीही गाठली नव्हती. 'झपाटलेला'तला तात्या विंचू, 'चौकट राजा'तला नंदू आणि २००६ च्या 'लगे रहो मुन्नाभाई'तले गांधीजी हा एकच माणूस, हे आमच्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांना अजूनही पटत नाही.

मुंबई-पुण्याकडची जुनी मंडळी त्याआधीच्या 'चिमणराव'ची आठवण काढतात. तो चिमणरावही प्रभावळकरच. पण सत्तरच्या दशकात परतवाड्यात टीव्ही पाहिलाय कोणी! आपल्या घरांची मनापासून हसण्याची पहिली मराठी मालिका म्हणजे टिपरेच.

आणि तीही सहजासहजी मिळाली नाही. दूरदर्शन अँटेनावर फुकट दिसे, अल्फासाठी केबल लागे. मी तेव्हा बी.कॉम.ला होतो. आमच्या ओळीत केबल तीन घरी होती. त्या तीन घरांत टिपऱ्यांच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसे. लाकूड डेपोतले हमाल, मिलमधून सुटलेले कामगार, भांडी घासून आलेल्या बाया, पोरेटोरे, सगळे एका खोलीत. केबलवाल्या घरची बाई आधी कुरकुर करी, मग स्वतःच चहा टाकी. त्यात भारनियमन. ऐन रंगात आले की लाईन जायची आणि खोलीभर एकच हाय उठायची. पण कधी परतवाड्यात अंधार असला तरी तिकडे अचलपुरात लाईन असे. मग दुसऱ्या दिवशी अचलपूरचा पाहुणा आला की त्याला पाणी विचारायच्या आधी "पुढं काय झालं?" असे विचारत. हा पाहुणा पुष्कळदा आपल्या मनचे घालून सांगे. आमच्या मोहल्ल्यात टिपऱ्यांचे असे काही भाग चालू आहेत की जे मालिकेत कधी झालेच नाहीत.

मागच्या महिन्यात विहाराच्या ओट्यावर हाच विषय निघाला. एका आजीला मी विचारले, "आजी, त्या मालिकेत एवढं काय होतं?" ती म्हणाली, "हे पाय बाबू, त्या घरात सारे एकमेकाले हासे. पन हिणवत नसे कोनी कोनाले."

मला वाटते, आजीने नेमके तेच सांगितले. आपल्या लोकांना विनोदाचे वावडे नाही. आपल्याकडचे जलसे, गंमतीची गाणी ज्यांनी ऐकली त्यांना हे ठाऊक आहे. पण नाटक-सिनेमातला विनोद पुष्कळदा कोणाच्या तरी जिवावर उठलेला असे. घरगडी, मोलकरीण, काळा माणूस, जाडी बाई, खेड्यातल्या बोलीत बोलणारा. पडद्यावर हशा पिकायचा आणि पाहणाऱ्या बाईला आपल्याच अंगावर काहीतरी आल्यासारखे वाटायचे. आपली वऱ्हाडी बोली तर कितीदा नुसत्या टिंगलीसाठी आली. पुढे २०१४ पासून 'चला हवा येऊ द्या'मध्ये आपल्या अमरावतीकडचे भारत गणेशपुरे ती बोली ताठ मानेने बोलू लागले तेव्हा कुठे बरे वाटले. टिपऱ्यांच्या घरात आबा फजित पावत, शेखर फजित पावे, शिऱ्या तर पावेच, पण ती फजिती घरच्या माणसाची होती आणि तिच्यात माया होती.

ते घर आपले नव्हते, हेही खरे. फ्लॅटमधले मुंबईचे मध्यमवर्गीय घर ते. त्या घराच्या भिंतीवर आपल्या घरचे फोटो नव्हते, त्यांच्या सणात आपली १४ एप्रिल नव्हती. मराठीत इतक्या मालिका झाल्या, पण डेपोतल्या हमालाचे हसरे घर मध्ये ठेवून कोणी विनोदी मालिका केलेली मी पाहिली नाही. आपले घर दाखवायचे म्हणजे रडकेच दाखवायचे, असे या लिहिणाऱ्यांनी का धरून ठेवले आहे कोण जाणे! दुःख आपल्या वाट्याला कमी आले नाही, पण म्हणून काय आपली माणसे हसलीच नाहीत?

त्याच दिवशी ओट्यावर बसलेला एक भाऊ बराच वेळ गप्प होता. त्याचे वडील डेपोत हमाल होते, जाऊन बारा वर्षे झाली. तो म्हणाला, "आमच्या बाबाचा हासता फोटो एकबी नाही घरात. हाय तो रेशनकार्डाचा, नाहीतं लग्नातला, त्यातबी तोंड आवळून उभे. घरात तं बोलेबी कमीच. पन टिपरे लागले का बाबा असे हासे, का दुपट्ट्यानं डोये पुसे. मले बाबाचं हासनं आठवते ते तेवढंच." यावर कोणी काही बोलले नाही. मग विषय निघाला तो मालिकेचा राहिला नाही. कोणाचा बाप काय म्हणायचा, कोणाची आजी कशी नकला करायची, हेच सुरू झाले.

टिपऱ्यांचे आबा रोज लिहीत. आपले बहुतेक आबाजी अंगठा लावणारे होते. त्यांची अनुदिनी कुठून असणार? त्यांनी काय खाल्ले, कोणाशी भांडले, कशावर हसले, हे त्यांच्याबरोबरच गेले. ज्यांचे आईबाप आज सत्तरी-पंच्याहत्तरीत आहेत त्यांच्याकडे अजून वेळ आहे. आमच्या मोहल्ल्यात नववीतल्या एका मुलीने हे मनावर घेतले. दोनशे पानी वही आणली आणि आजी सांगेल ते रोज रात्री लिहू लागली. आजी पहिल्या दिवशी म्हणाली, "माह्यात काय लिहासारखं हाय?" आता नातीला झोप येते तरी आजी सोडत नाही. मी वही पाहिली. पहिल्या पानावर लग्नात मिळालेल्या लुगड्याचा रंग आहे, सासऱ्याने बाजारातून आणलेल्या आंधळ्या बकरीची गोष्ट आहे, आणि शेजारणीबद्दल असे काही आहे की ते इथे छापता येत नाही.

असो. टिपऱ्यांचे जुने भाग आता मोबाईलवरही पाहायला मिळतात. विहारातल्या तरुण मंडळींनी येत्या रविवारी सायंकाळी सात वाजता सभागृहातल्या मोठ्या टीव्हीवर त्यातले दोन भाग लावायचे ठरवले आहे. म्हाताऱ्या माणसांना आवर्जून आणावे. खुर्च्या त्यांच्यासाठी ठेवल्या आहेत, बाकीच्यांनी सतरंजी घरून आणावी. लाईन गेली तर इन्व्हर्टर दोन तास चालतो, असे पोरांचे म्हणणे आहे.