नाममात्राहून किंचित अधिक
अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातील डग्लस काउंटीच्या शाळामंडळावर एका स्वमग्न मुलाच्या आईबापांनी लावलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ मार्च २०१७ रोजी एकमताने त्यांच्या बाजूने कौल दिला, म्हणून आमचे विधिज्ञ मित्र अद्याप टाळ्या पिटीत असतात. आम्हांस त्यांत सामील होववत नाही.

१९७५ चा कायदा अपंग बालकास मोफत व ‘योग्य’ शिक्षण देववितो. योग्य म्हणजे किती? नाममात्राहून किंचित अधिक लाभ झाला की पुरे, असे खालच्या अपील न्यायालयाने सांगितले होते! वर्षानुवर्षे तीच उद्दिष्टे नव्या कागदावर उतरविणाऱ्या शाळेस याहून सोयीचे माप कोणते? पाचवीचा आराखडाही तसाच आला तेव्हा, २०१० मध्ये, आईबापांनी मुलास खाजगी शाळेत घातले आणि त्या शुल्काची भरपाई मागितली. सर्वोच्च न्यायालयाने ते माप मोडून मुलाच्या परिस्थितीस अनुरूप प्रगतीचे माप घालून दिले, हे उत्तमच झाले.

परंतु तराजू कोणाच्या हाती? २००५ च्या निर्णयानुसार पुराव्याचा भार दाद मागणाऱ्यावर, म्हणजे बहुधा आईबापांवर. दप्तर शाळेचे, शिक्षक शाळेचे. आईबापांनी आपला तज्ज्ञ आणावा, तर दावा जिंकूनही त्याचे शुल्क प्रतिपक्षाकडून मिळत नाही, असे २००६ मध्ये ठरले. शाळांचा पैसा वकिलांच्या घशात जाईल, हा आक्षेप आमच्या धंद्यापुरता खराही असेल. मग शाळामंडळ इतकी वर्षे कशाच्या बळावर लढले? भरपाईचा हक्क जिल्हा न्यायालयाने मान्य केला तो २०१८ मध्ये. पाचवीच्या उंबरठ्यावरचा तो मुलगा तोवर शाळेचे वय संपवीत आला होता.