दोन यंत्रांमधील तार

१९८३ साली अमेरिकेतील टँडी कंपनीने 'टीआरएस-८० मॉडेल १००' या नावाचा एक छोटा संगणक विक्रीस आणला. जपानच्या क्योसेरा कंपनीने घडविलेले हे यंत्र एखाद्या मोठ्या पुस्तकाएवढे होते. ते चार पेन्सिल सेलवर चाले, आणि त्याच्या पडद्यावर प्रत्येकी ४० अक्षरांच्या ८ ओळी मावत. वृत्तपत्रांच्या बातमीदारांना ते फार सोयीचे वाटले. कारण बातमी त्यावर लिहून टेलिफोनच्या तारेवरून कचेरीत धाडता येई. आज चाळीस वर्षे उलटून गेल्यावरही यांतील पुष्कळ यंत्रे कामाच्या स्थितीत आहेत. कळ दाबली की अक्षर उमटते. परंतु त्या अक्षरांना यंत्राबाहेर आणावयाचे झाले म्हणजे अडचण सुरू होते, आणि तिचे मूळ बहुधा एका हरवलेल्या केबलमध्ये असते.

मॉडेल १००ची स्मृती अवघी ८ ते ३२ किलोबाइटची. म्हणून त्याच्या जोडीस साडेतीन इंची चकतीवर १०० किलोबाइट मजकूर साठविणारा एक सुटा डिस्क ड्राइव्ह टँडीने विकला. तो ब्रदर कंपनीने तयार केलेला होता. त्याच जातीचा ड्राइव्ह त्या कंपनीच्या विणकामाच्या यंत्रांना नक्ष्या साठविण्यासाठीही जोडला जाई. या चकतीवर मजकूर नोंदविण्याची रीत निराळी आहे. सामान्य संगणकाच्या ड्राइव्हमध्ये ती घातली तर वाचली जात नाही. ड्राइव्हमधील रबरी पट्टा कालांतराने कुजतो, पण तो बदलता येतो. केबल नसेल तर मात्र सुस्थितीतील संगणक आणि दुरुस्त केलेला ड्राइव्ह एकमेकांशेजारी मुके बसून राहतात, आणि कोणाची तरी टिपणे, पत्रे वा हिशेब चकतीतच अडकून पडतात.

ही केबल साध्या तारांचा जुडगा नव्हे, हे येथे प्रथम समजून घेतले पाहिजे. संगणकाची जोडणी आरएस-२३२ या १९६०पासून चालत आलेल्या प्रमाणानुसार आहे. तीत तारेवरील दाब उणे ३ ते उणे १५ व्होल्ट असला तर त्याचा अर्थ 'एक', आणि अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट असला तर 'शून्य'. ड्राइव्हच्या आठ पिनांच्या जोडणीत मात्र सुमारे ५ व्होल्ट म्हणजे 'एक' आणि ० व्होल्ट म्हणजे 'शून्य'. दाबाची पातळी वेगळी आणि अर्थही उलट. म्हणूनच मूळ केबलमध्ये हे रूपांतर करणारे छोटे विद्युत्मंडल बसविलेले होते. ते न जाणता दोन टोके सरळ जोडली, तर नशीब चांगले असल्यास काहीच घडत नाही. वाईट असल्यास आज सहजी न मिळणारे यंत्र जळते. रूपांतराचे हे काम १९८७ साली बाजारात आलेल्या मॅक्स२३२ जातीच्या एका चिपने आणि काही कपॅसिटरनी आता घरच्या टेबलावरही करता येते.

ड्राइव्हच नसेल तर त्याच्या जागी आजचा संगणक जोडून, त्याच्याकडून ड्राइव्हचे सोंग वठविता येते. त्यासाठी लागणारी केबल अधिक सोपी आहे, पण तीतही एक खुबी आहे. २५ पिनांच्या जोडणीत २ क्रमांकाची पिन पाठविते, ३ क्रमांकाची ग्रहण करते आणि ७ ही भूमीची. ९ पिनांच्या जोडणीत २ ग्रहण करते, ३ पाठविते आणि भूमी ५ क्रमांकावर. म्हणजे २ला २, ३ला ३ आणि ७ला ५ जोडले की एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानी पडते. 'दोन संगणक जोडताना २ आणि ३ यांची अदलाबदल करावी' हा नियम नुसता पाठ करणारा मनुष्य येथे हमखास फसतो. शिवाय 'थांब' आणि 'पाठव' या इशाऱ्यांच्या तारा असतात, त्यांनाही आपापली जागा द्यावी लागते.

यावर कोणी म्हणेल की, एवढा खटाटोप कशासाठी? तयार केबल विकत घ्यावी. पण प्लगचा आकार आतील जोडणी सांगत नाही. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन केबलींची अंतर्रचना सर्वस्वी भिन्न असू शकते. दुसरा आक्षेप असा की, हौशी माणसाच्या हाती अशी कामे देणे धोक्याचे आहे. तो खरा आहे. परंतु धोका हौसेत नसून अंदाजाने काम करण्यात आहे. आधी तक्ता लिहावा, मग तारांना डाख द्यावा, मग मल्टिमीटरने प्रत्येक पिन तपासावी, आणि त्यानंतरच यंत्रास हात लावावा. हा क्रम पाळणारा विद्यार्थी घाईत असलेल्या कारागिरापेक्षा अधिक विश्वासू होय.

मॉडेल १००च्या बाबतीत हे सारे शक्य झाले याचे एक कारण असे की, त्याची दुरुस्ती-पुस्तिका मंडलाकृतींसह छापली गेली होती. जो निर्माता आपल्या यंत्राची जोडणी गुप्त ठेवतो, तो ग्राहकाला यंत्र विकतो खरा, पण त्याच्या उपयोगाची किल्ली स्वतःपाशीच ठेवतो. उत्पादन बंद करताना जोडणीचा तक्ता प्रसिद्ध करणे हे प्रत्येक निर्मात्याचे कर्तव्य मानले गेले पाहिजे.

हा प्रश्न जुन्या संगणकांच्या शौकिनांपुरता नाही. प्रयोगशाळांतील अनेक इलेक्ट्रॉनिक तराजू आणि मापनयंत्रे याच आरएस-२३२ जोडणीने बोलतात. सोबतचा संगणक बिघडला म्हणून अचूक माप देणारे उपकरण अडगळीत टाकणे परवडणारे नाही. महाविद्यालयांनी पदार्थविज्ञानाच्या प्रात्यक्षिकांत अशी एक केबल विद्यार्थ्याकडून करवून घ्यावी. दाब, प्रवाह आणि संकेत यांचे जे ज्ञान त्याने पुस्तकात वाचलेले असते, ते तेथे त्याच्या बोटांत उतरेल.

आणि केबल पुरी झाली म्हणजे तिचा तक्ता कागदावर लिहून, तारीख घालून, तो तिलाच बांधून ठेवावा. तार तुटली तर त्या कागदावरून कोणालाही नवी करता येईल.